बाबांच्या आठवणींचं पुस्तक स्वतः छापलंय. तोंडी शिफारशीवर विकायला काय करावं?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती):
नमस्कार. माझे बाबा एस.टी.त ३४ वर्षं कंडक्टर होते, बरीचशी नोकरी चिपळूण डेपोत. त्यांच्या आठवणी मी लिहून घेतल्या आणि स्वखर्चाने छापल्या. १३६ पानं, किंमत २०० रुपये, ५०० प्रती. प्रकाशनाच्या दिवशी आणि नात्यागोत्यात मिळून १६० गेल्या, त्यातल्या निम्म्या भेट म्हणून. ३४० प्रती पलंगाखाली आहेत. जाहिरात करायची नाही. एकाने वाचावं आणि दुसऱ्याला सांगावं, असं व्हायला हवंय. हाताशी ५००० रुपये आहेत, त्यापुढे एक रुपया नाही. काय करावं?

पिंपळपार:
अभिनंदन! साहित्य संमेलनात गाळा घ्या. मी आणि मित्राने मिळून घेतला होता. गाळा, प्रवास, राहणं धरून २२ हजार गेले, पण माझ्या कवितासंग्रहाच्या १९० प्रती तीन दिवसांत संपल्या. शेवटच्या दिवशी लोक नाव घेऊन विचारत येत होते.

चांदणवेल:
५००० म्हटलंय हो त्यांनी. ताई, एकच सांगते, वितरकाकडे सगळ्या प्रती देऊ नका. माझ्याकडून एकाने ५० टक्के कमिशन ठरवून १०० प्रती नेल्या. तीन वर्षं फोन करत होते. शेवटी ३८ प्रती परत आल्या, त्याही ओल लागलेल्या. बाकीच्यांचा हिशेब आजतागायत नाही. द्यायच्याच तर दहा द्या आणि चलनावर सही घ्या.

टाकसाळ:
आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) घेतला का? राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांनाही. स्वखर्चाने छापणारे नव्वद टक्के लोक हे करत नाहीत.

रानजाई:
नव्वद टक्के हा आकडा कुठून आला? आणि त्या विक्रीचं विचारतायत.

टाकसाळ:
आकडा माझ्या ओळखीतल्यांवरून. पन्नास वर्षांनी कोणी एस.टी.वर अभ्यास करायला बसला, तर त्याला हे पुस्तक सापडायला नको?

डबलबेल:
मीही एस.टी.चाच मुलगा, म्हणून लिहितोय. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, हे पुस्तकात आलंय ना? दरवर्षी १ जूनला वर्धापनदिन असतो. डेपो मॅनेजरना भेटा, त्या दिवशी आवारात टेबल टाकू देतील. आमच्या वडिलांच्या वेळचे लोक पेन्शनवर आहेत, पण अशा पुस्तकासाठी खिशात हात घालतील.

पिंपळपार:
वर्धापनदिन एक दिवसाचा. संमेलनाला सगळा महाराष्ट्र येतो.

चांदणवेल:
आणि फुकट वाटणं आधी बंद करा. फुकटची प्रत कपाटात जाते.

सातबारा:
फुकट-विकत हा वाद बाजूला ठेवा. मी आत्याच्या शेतीच्या अनुभवांचं पुस्तक ४०० प्रती छापलं होतं, दीड वर्षात संपलं. "पुस्तक छान आहे, घ्या" म्हटलं की लोक मान डोलवतात आणि निघतात. म्हणून मी आधी विचारायचो, "तुम्ही कुठले?" त्यांच्या भागातलं पीक ज्या पानावर आहे ते उघडून हातात द्यायचो आणि गप्प बसायचो. माणूस उभ्या उभ्या दोन पानं वाचतो. घरी गेल्यावर भावाला सांगतो ते पुस्तकाबद्दल नसतं, "आपल्या विहिरीबद्दल लिहिलंय" हे असतं. मग भावाचा फोन येतो. शेवटच्या पानावर मोबाइल नंबर ठळक छापलाय ना? नसेल तर शिक्का करून घ्या. माझे निम्म्याहून जास्त फोन त्या नंबरवर आले.

रानजाई:
+१. आणि टपालखर्चाचं बघा. कुरिअरने माझे ७०-८० रुपये जायचे. पोस्टाची ज्ञान पोस्ट १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून. आपलं पुस्तक बसतं का ते खिडकीवर एक प्रत नेऊन विचारा.

मोगरावेणी:
संमेलनात गाळा घेता येईल का बघा.

चांदणवेल:
वर झालंय ते बोलून.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. नंबर छापला नव्हता, उद्याच शिक्का करायला टाकते. सातबारादादा, तुमचं वाचून रात्री बाबांबरोबर पुस्तक पुन्हा चाळलं. वस्तीच्या गाडीवर असताना दसपटीकडच्या अकरा घरांत त्यांना रात्री गरम भाकरी मिळाली, ती सगळी घरं नावानिशी पुस्तकात आहेत. त्यांतल्या एकाही घरात पुस्तक पोचलेलं नाही.

त्यामुळे टेबल, गाळा काही नको. ५००० एस.टी.च्या तिकिटांना ठेवतेय, बाबांना तर सवलत आहेच. त्या अकरा घरी जाऊन प्रत द्यायची, आणि ती फुकटच. चांदणवेलताई, रागावू नका. त्यांच्या भाकरीचे पैसे बाबांकडून कोणी घेतले नव्हते. बरोबर पिशवीत चाळीस प्रती घेतेय, शेजारपाजारच्यांनी मागितल्या तर २०० रुपयांना.

रविवारी पहाटेच्या गाडीने निघतोय. बाबांनी जुनी तिकिटाची पेटी पुसून ठेवली आहे.