रेघोट्या म्हणजे टाइमपास नाही हो

"बालवाडीत नुसत्या रेघोट्याच, अआइई कधी?" ही तुमच्या सासूबाईंची काळजी कळते, पण ताई, साडेतीनच्या पोराला पेन्सिल चिमटीत धरायला लावली की हात भरून येतो, आधी खांदा-कोपर मोकळा फिरायला लागतो आणि ते अंगणातच होतं. आमच्याकडे सांगलीत उन्हं उतरली की फरशीवर खडू, नाहीतर डब्यात पाणी आणि रंगाचा जुना ब्रश, वाळलं की परत काढा, खर्च शून्य. साधारण ३ वर्षाला गोल जमतो, त्रिकोण मात्र ५ च्या आसपास, आणि आपले ट, ठ, व बघा, गोल आणि उभ्या काठ्याच की!

पण खरी गंमत बोलण्यात आहे. परवा लेकीनं लांब वेडीवाकडी रेघ ओढली, म्हटली ही कृष्णा, पूर आलाय, हा आयर्विन पूल, आणि खाली बारकी गिचमिड केली, विचारलं तर म्हणे "नाव लिहिलंय". एक अक्षर येत नाही पण चित्र वेगळं आणि लिहिणं वेगळं हे बरोब्बर कळलंय. मी ती सांगेल ते तिच्यासमोरच शेजारी खडूनं लिहिते, मोठ्यानं वाचत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आदिवासी पाड्यावर अंगणातच पोरं जमवली होती, सासूबाईंना हे सांगून बघा. वर्कबुकचं नंतर बघू.