मदत हवी आहे: एसएसबीत स्वतःबद्दल काय लिहू?

नमस्कार मंडळी, सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेची लेखी पास झालोय, पुढच्या महिन्यात भोपाळला एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत आहे. वर्ड टेस्टचे 60 शब्द, प्रत्येकावर 15 सेकंदांत वाक्य लिहायचं, हे सरावाने जमतंय. गाडी अडलीय सेल्फ डिस्क्रिप्शनपाशी. आईवडील, शिक्षक, मित्र आणि मी स्वतः, कोणाला मी कसा वाटतो ते 15 मिनिटांत लिहायचं. माझा मसुदा वाचून ताई म्हणाली, "हा तर स्थळाला पाठवायचा बायोडेटा!" खरंय, 'प्रामाणिक, मेहनती, शिस्तप्रिय' याच्यापुढे काही नाहीच त्यात. आई म्हणते, मी दूध आणायचं हमखास विसरतो, पण शेजारच्या आजोबांची बीपीची गोळी कधी चुकवत नाही. असलं लिहावं का? उणिवा किती उघड कराव्यात? मुलाखतीत त्यावरूनच खोदून विचारतात का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.