केंटेचा स्टोल आणि आगाऊ रक्कम

विणकरांना ऑनलाइन दुकान काढून दिलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. केंटे या घानाच्या हातविणीच्या पारंपरिक कापडाकडे पाहिलं तर मला ते पुरेसं वाटत नाही. तिथल्या कुमासी शहराजवळच्या बोनविरे गावात अरुंद मागावर जेमतेम ४ इंची पट्ट्या विणतात; पुरुषाचं पूर्ण वस्त्र व्हायला अशा साधारण २४ पट्ट्या कडेला कड लावून शिवाव्या लागतात. तीच नक्षी गिरणीत छापली की किंमत कितीतरी खाली येते, आणि फोटोत दोन्ही जवळपास सारखीच दिसतात! आपल्याकडे पैठणीचं यंत्रमागामुळे असंच झालं. २०२४ मध्ये युनेस्कोने केंटेची विणकला वारसा यादीत घेतली, त्याचा आनंद आहेच, पण त्याने नक्कल थांबत नाही.

मला आशा दिसते ती स्टोलमध्ये. अमेरिकेत अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीदानाला गळ्यात केंटेचा स्टोल घालतात. त्याला एखादी पट्टीच पुरते, म्हणून हातविणीचा असूनही तो परवडतो. विद्यापीठांनी तो थेट विणकरांकडून मागवावा, आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. सूत आधी विकत घ्यावं लागतं, पैसे मात्र माल विकल्यावरच हाती येतात.