लाल ढेकणाचा स्टॅक: मिशा दुहेरी, पाठीवर धूसर पट्टे

तापीकाठ:
कपाशीच्या फुटलेल्या बोंडावरच्या लाल ढेकणाचा स्टॅक (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून केलेला एक पूर्ण शार्प फोटो) जमत नाहीये. क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी, १०० मिमी मॅक्रो, १:१ (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा), एफ ५.६, डिफ्यूझर लावलेला फ्लॅश, ट्रायपॉडवर कॅमेरा पुढे-मागे सरकवायची साधी स्क्रूची रेल. १२ फ्रेम, दर फ्रेमला रेलच्या नॉबचा अर्धा फेरा. मिशा दोन-दोन दिसतात, पाठीवर शार्प-धूसर-शार्प पट्टे येतात आणि पायाच्या केसांभोवती धुरकट किनार राहते. वेळ सकाळी नऊची.

पऱ्हाटी:
पट्टे रेलमुळे. १:१ ला एफ ५.६ वर क्रॉप सेन्सरची डेप्थ (शार्प दिसणारी जाडी) जेमतेम ०.४५ मिमी. दोन फ्रेममधलं पाऊल त्याच्या दोन तृतीयांशाहून मोठं नको, म्हणजे ०.३ च्या आत. रेलला दहा पूर्ण फेरे द्या, किती सरकली ते पट्टीवर मोजा आणि दहाने भागा. फेऱ्याला १.२५ मिमी निघालं तर तुमचं पाऊल ०.६ च्या पुढे जातंय, मधली जागा कुठल्याच फ्रेममध्ये शार्प नाही. नॉबला पुठ्ठ्याची चकती चिकटवून पाच खुणा करा, एक खूण ०.२५ मिमी. सहा मिमी खोलीला २४ फ्रेम, वर पुढे-मागे दोन-दोन जादा.
नॉब एकाच दिशेने फिरवायचा. स्वस्त रेलच्या स्क्रूत झोल असतो. खूण चुकली तर पूर्ण फेरा मागे जाऊन परत त्याच दिशेने या.

केळीबाग:
एवढ्या उठाठेवीपेक्षा एफ १६ ला एकच फोटो घ्या की भाऊ.

पऱ्हाटी:
१:१ ला एफ १६ चा परिणामी एफ ३२ होतो. डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) डोळ्याची जाळी पुसट होते, आणि डेप्थ मिळून मिळून सव्वा मिमी.

सातपुडा_मॅक्रो:
मिशांचं कारण वेळ. नऊला ऊन लागून ढेकूण हलू लागलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत उजाडताच, दव असताना जा. गारठलेला किडा बराच वेळ जागचा हलत नाही. फांदी जमिनीत रोवलेल्या काठीला कपड्याच्या चिमट्याने धरा, वाऱ्याच्या बाजूला छत्री. फ्लॅश १/१६ वर ठेवा, म्हणजे रिसायकलसाठी (फ्लॅश पुन्हा चार्ज होण्यासाठी) थांबावं लागत नाही आणि सगळा स्टॅक दीड-दोन मिनिटांत आटपतो. तरी मिशी हललीच, तर ती ज्या तीन-चार फ्रेममध्ये शार्प आहे त्यातली एकच स्थिती स्टॅकिंग सॉफ्टवेअरच्या रिटच ब्रशने ठेवा, बाकी मागचं पार्श्वभूमीच्या फ्रेममधून रंगवा.

केसांची किनार सॉफ्टवेअरची. झेरीन या स्टॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये एकाच स्टॅकचे डीमॅप आणि पीमॅक्स या दोन पद्धतींनी दोन निकाल काढा. डीमॅपमध्ये पाठीचा रंग आणि गुळगुळीतपणा टिकतो, पण एकावर एक आलेल्या केसांत तो गोंधळतो. पीमॅक्स केस नीट सोडवतो, मात्र नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतो. डीमॅप खाली ठेवून केस-मिशा तेवढ्या पीमॅक्समधून ब्रशने आणायच्या. हेलिकन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम बी आणि सी पद्धतीने होतं. फुकटात हवं तर ह्युगिन या मोफत सॉफ्टवेअरसोबतच्या टूलने फ्रेम जुळवून त्या एकत्र करणारा एनफ्यूज चालवा: एक्सपोजर वेट ०, सॅच्युरेशन वेट ०, कॉन्ट्रास्ट वेट १, हार्ड मास्क चालू. रिटचची सोय मात्र त्यात नाही.

पऱ्हाटी:
आणि सेन्सर आधी साफ करा. आपल्याकडच्या धुळीचा एक ठिपका एका फोटोत दिसतही नाही. २८ फ्रेम जुळवताना मोठ्या-लहान होतात, तेव्हा त्याच ठिपक्याची कडेला रेघ उमटते.