द एक्सएक्सचा पहिला अल्बम: तुम्हाला कुठे भेटला?

मंद्रसप्तक
काल एका माहितीपटात ड्रोनवरून डोंगर दाखवत होते आणि मागे तीच गिटार सुरू झाली. 'इंट्रो'! दोन मिनिटांचा तुकडा, त्यात धड शब्दही नाहीत. सगळ्यांनी वापरून वापरून पार चोथा केलाय त्याचा, तरी कान टवकारलेच. मग रात्री द एक्सएक्स या लंडनच्या बँडचा तो आख्खा अल्बम लावला. २००९चा, काळ्या कव्हरवर पांढरी फुली असलेला.

मला तो रूममेटच्या लॅपटॉपवर मिळाला. आमच्या खोलीत तेव्हा जितकं मोठ्यानं तितकं भारी असा कारभार होता. आणि बँडचे हे दोघं गायक, रोमी आणि ऑलिव्हर, कानाशी येऊन पुटपुटतायत! एक ओळ ती म्हणते, एक तो, पण एकमेकांशी बोलतायत असं वाटत नाही. दोघंही तिसऱ्याच कुणाला तरी सांगतायत. गिटारचे चार सूर येतात आणि थांबतात. पुढचा सूर यायच्या आत आपण त्या जागेत आपलं काहीतरी भरून मोकळे. मी काय भरलं ते लिहिणार नाही 😀 तुम्ही लिहा.

निशाचर
रात्रपाळी. सर्व्हर रूमची घरघर आणि यातलं 'शेल्टर'. बास, एवढंच. दिवसा ऐकून पाहिला, लागतच नाही. त्यांनीही बराचसा रात्रीच रेकॉर्ड केलाय म्हणे, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्याच छोट्याशा स्टुडिओत. म्हणजे दोष माझा नाही.

चिमणाबाई
मुलगा तान्हा होता तेव्हा त्याला मांडीवर घेऊन हाच लावायचे. अंगाईपेक्षा लवकर झोपायचा. आता नववीत आहे आणि मेटल ऐकतो. दार वाजलं, नंतर लिहिते.

खवचट_काका
अंगाईच आहे ती. मी तिसऱ्या गाण्याच्या पुढे कधी जागा राहिलेलो नाही. याला २०१०चं मर्क्युरी प्राइझ (ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस) देणारे परीक्षक कसे जागे राहिले देव जाणे.

मंद्रसप्तक
काका, तुम्ही बातम्यांनाही झोपत असाल. त्याच वर्षी बीबीसीने ब्रिटनच्या निवडणुकीच्या कव्हरेजला 'इंट्रो' वापरलं होतं!

बेसवाला
लोक गाण्यांबद्दल बोलतात, मला यांच्याकडे ड्रमर नाही याचं जास्त कौतुक. बँडमधला जेमी स्मिथ इलेक्ट्रॉनिक पॅडवर बोटांनी ठोके वाजवतो, अल्बमचं प्रॉडक्शनही त्याचंच. आमचा ड्रमर लग्न करून गायब झाला तेव्हा मी मित्रांना हाच अल्बम ऐकवला, म्हटलं बघा, अडत नाही.

पण अडलं. 'क्रिस्टलाइज्ड'ची गिटार बोटांत बसायला वेळ लागत नाही. न वाजवणं बसत नाही हो! आमचा गिटारवाला मोकळी जागा दिसली की काहीतरी घुसडायचाच. त्याला म्हटलं, चार मात्रा गप्प बस. तर म्हणे, मग लोक माझ्याकडे कशाला बघतील? या पोरांना विशीच्या आत-बाहेर हे कसं सुचलं असेल? मी चाळिशीत आहे, मला अजून गप्प बसता येत नाही (हा प्रतिसादच बघा).

सायली_क
तिघंच आहेत ना पण?

बेसवाला
अल्बमच्या वेळी चौघं. बारिया कुरेशी त्याच वर्षी बाहेर पडली.

अनामिक_झरा
इथे फार लिहीत नाही, वाचते फक्त. त्या गाण्यांमध्ये सगळं 'तू' आणि 'मी' यांच्यातच चालतं. तो कोण, ती कोण, याचा पत्ता लागू देत नाहीत. बाकी प्रेमगीतं ऐकताना मला मनातल्या मनात माणसं बदलून घ्यावी लागायची. मुलाच्या जागी मुलगी. इथे काहीच बदलावं लागलं नाही. तेव्हा घरी कुणाला माहीत नव्हतं. एका मैत्रिणीला 'आयलंड्स' पाठवलं होतं, खाली एक शब्द न लिहिता. तिने उत्तर दिलं, "छान आहे, बेस मस्त." 😅
पुढे कळलं की रोमी आणि ऑलिव्हर दोघंही गे आहेत. हसले आधी, मग बराच वेळ रडले.

सायली_क
झरा, ❤️. लिहीत जा गं.

निशाचर
"बेस मस्त". अरे देवा. बेसवाला, तुम्हीच का ती मैत्रीण?

बेसवाला
नाही हो! पण बेस मस्तच आहे.

जुनी_कॅसेट
पहिल्या अल्बमवरून आठवलं. बेल अँड सेबॅस्टियन या स्कॉटिश बँडचा 'टायगरमिल्क', १९९६. ग्लासगोच्या स्टो कॉलेजमधल्या संगीत व्यवसायाच्या कोर्सचा भाग म्हणून निघाला, रेकॉर्डच्या फक्त १००० प्रती. १९९९ला पुन्हा बाजारात येईपर्यंत लोक कॅसेटवर उतरवून घ्यायचे. मला ती खरखर असलेली प्रत मिळाली. नंतर सीडी घेतली, एकदम स्वच्छ. मजा नाही. तुमच्या फुलीवाल्या पोरांचं कौतुक आहे, पण खरखर नाही त्यात.

खवचट_काका
खरखर हवी असेल तर माझ्या घशाची पाठवतो. दोन दिवस खोकला जात नाहीये.

सायली_क
काका वाफ घ्या. आणि कुणीतरी सांगा, वायरवाले चांगले इअरफोन अजून मिळतात का? ब्लूटूथवर याचा खालचा आवाज गायबच होतो.

निशाचर
मिळतात. फोनला भोक आहे का ते आधी बघा.

सायली_क
नाहीये 😑

मंद्रसप्तक
त्यांच्या शाळेचं वाचलंत का? लंडनच्या पटनीमधली एलियट स्कूल. बरियल, फोर टेट, हॉट चिप, हे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले सगळे त्याच शाळेचे. आमच्या शाळेने प्रार्थनेला बसकी पेटी दिली, बाकी काही नाही.

चिमणाबाई
आले परत. धागा वाचून मुलाला 'इंट्रो' ऐकवलं, म्हटलं तुझ्या लहानपणीचं आहे हे. शांतपणे पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

खवचट_काका
मुलाला माझा नमस्कार सांगा.