मदत हवी आहे : सुधारित चुलींचा परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. आमची छोटी संस्था भोर तालुक्यातल्या काही वाड्यांवर कमी धुराच्या चुली बसवते. आता देणगीदार विचारतात, ‘इम्पॅक्ट दाखवा.’ किती चुली वाटल्या हे सांगणं सोपं, पण त्यातून काहीच कळत नाही. खरी गोम अशी की नवी चूल वापरात असली तरी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला जुनीच पेटते!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांची तुलना शेजारच्या, प्रयोग न केलेल्या ४७ गावांशी केली होती, म्हणून १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे कुणाला सहज झटकता आले नाहीत. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, पैसा तर नाहीच.

सरपण वजनकाट्यावर मोजायचं ठरवलंय. पण पावसाळ्यात ते ओलं असतं, लग्नसराईत पाहुणे असतात. मग मोजणी कधी करावी? सलग किती दिवस? तुलनेला अजून चुली न दिलेली वाडी घेतली तर चालेल का? तिथल्या बायका ‘आम्हाला कधी?’ विचारणारच, आणि ते रास्तच आहे. कुणी असं काम केलं असेल तर नोंदवहीचा नमुना टाकाल का?