घरात अर्थतज्ज्ञ असेल तर... तुमचेही अनुभव लिहा

आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. नवरा पुण्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईची समजूत अशी, की मुलगा पैशातलंच शिकलाय, म्हणजे चार पैसे नीट राखेल. प्रत्यक्षात किराणा, हप्ते, विमा आणि प्राप्तिकर मी बघते, आणि व्याजदर का वाढले ते तो मला समजावून सांगतो.

पहिल्याच भाऊबीजेला त्याने नणंदेला साडीऐवजी पाकीट दिलं आणि वर कारणही सांगितलं. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. त्याने विद्यार्थ्यांना विचारलं, मिळालेल्या वस्तूला तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून हिशेब निघाला, की भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वायाच जातो. म्हणून रोख बरी. नणंद काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ओवाळून झाल्यावर फराळाच्या डब्याऐवजी तिने त्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवले. "चकल्या बाजारात मिळतात दादा, तुझ्या आवडीच्या घे." तेव्हापासून आमच्याकडे साडीच जाते.

तर तुमच्याकडे असं कुणी आहे का? बँकेतले काका, एम.ए. करणारी भाची, शेजारचे निवृत्त प्राध्यापक, कुणीही चालेल. शेअरच्या टिपा मात्र नकोत.

सांगलीची लेक :
माझे बाबा बारावीला अर्थशास्त्र शिकवायचे. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत ते दर वर्षी आमरसावरून शिकवत. पहिली वाटी स्वर्ग, दुसरी छान, चौथी नको वाटते. घरी स्वतः सहावी वाटी मागत. आई म्हणायची, "काय झालं हो सिद्धांताचं?" त्यावर उत्तर ठरलेलं : "इतर परिस्थिती स्थिर असताना! आज आंबा वेगळा आहे." सिद्धांतातलं हे एक वाक्य बाबांनी आयुष्यभर पुरवलं. माझे गणितातले मार्कसुद्धा इतर परिस्थिती स्थिर नसल्यामुळे कमी पडायचे, त्यामुळे माझी तक्रार नाही.

एकदा मात्र नाटक रटाळ निघालं म्हणून त्यांनी आम्हाला मध्यंतरातच उठवलं. "तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, आता संध्याकाळ कशाला घालवायची?" तेव्हा लाज वाटली होती. आता मीही उठते.

पाळणाघरवाली काकू :
मी अर्थतज्ज्ञ नाही, पण मला एकीने वेळीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. डोंबिवलीत बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. वेळ संध्याकाळी साडेसातपर्यंत. गाड्यांचं तर माहीतच आहे, त्यामुळे दोन-तीन आया उशिरा यायच्याच. पण धावत, घामाघूम होऊन, "सॉरी काकू, उद्या नक्की" म्हणत यायच्या. कधी एखादी गजरा आणायची, कधी वडापाव. मला रोजचं आठ वाजणं जड जायला लागलं, म्हणून दारावर पाटी लावली : दहा मिनिटांपुढे उशीर झाल्यास पन्नास रुपये.

पहिल्या आठवड्यात जरा धाक होता. मग फोन यायला लागले. "काकू, आज पन्नास लावा, मी स्टेशनवरून भाजी घेऊनच येते." एकजण तर पार्लरमध्ये जाऊन आली! सॉरी बंद, गजरा बंद. साडेसातनंतर जिथे तीन पोरं असायची तिथे सहा-सात बसायला लागली आणि मला कुकर लावायला नऊ वाजायचे.

त्यांतल्याच एका मुलीची आई अर्थशास्त्राची लेक्चरर. पाटी बघून ती हसायलाच लागली. म्हणे, इस्राएलमध्ये हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत हाच प्रयोग झालाय. काही ठिकाणी दहा शेकेल दंड लावला, तर उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. २००० साली त्यावर निबंध आला, त्याचं नावच मुळी "दंड म्हणजे किंमत" अशा अर्थाचं. आधी उशीर म्हणजे काकूंना त्रास, दंड लावल्यावर तो विकत घेता येणारा माल झाला.

मी म्हटलं, मग पाटी काढते. ती म्हणाली, "काढून उपयोग नाही. तिथेही दंड उठवल्यावर लोक पहिल्यासारखे वेळेवर आलेच नाहीत." मी तरी काढली. नाहीच आले. शेवटी साडेसातला स्वतः चपला घालून, पोराचा हात धरून जिन्यात उभी राहायला लागले. आठवड्यात सगळ्या वेळेवर. हे कुठल्या निबंधात आहे का, ते त्या बाईंना विचारायचं राहिलं. आणि हो, सगळ्यांत जास्त पन्नासाच्या नोटा त्यांनीच भरल्या होत्या.

निफाडकर :
आमचा भाचा एम.ए. करतो. दिवाळीत आला तेव्हा कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकायची आमची घाई चालली होती. गेल्या साली भाव बरा मिळाला, म्हणून यंदा अख्ख्या गावाने वाढवून टाकलेलं. भाच्याने बियाण्याच्या खोक्यावर पेनाने दोन रेघा काढल्या, एक मागणीची, एक पुरवठ्याची, आणि त्यांच्याभोवती चौकोनी फेरे मारत बसला. "मामा, भाव चढला की सगळे लावतात, मग माल मावत नाही आणि भाव पडतो. पडला की कुणी लावत नाही, म्हणून परत चढतो. ह्याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात, १९३४ पासून."

मी म्हटलं, "आम्ही त्याला कांदा म्हणतो. उपाय सांग."

"सगळे लावतील तेव्हा तुम्ही लावू नका."

"आणि सगळ्यांनीच हा विचार केला तर?"

जरा वेळ गप्प. मग मी विचारलं, डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने निर्यातबंदी घातली, ती ह्या जाळ्यात कुठे बसते? तर म्हणे, "मामा, इथे इतर परिस्थिती स्थिर धरलीय." सांगलीच्या ताई, तुमच्या वडिलांचा विद्यार्थी आहे का हो हा? खोकं अजून कांद्याच्या चाळीत ठेवलंय. पोरगं हुशार आहे, उगाच म्हणत नाही.

धाकटी बहीण :
दादाला अण्णांच्या खात्यावर वारसाचं नाव लावायचं होतं. फॉर्म भरून फ्रिजवर ठेवलेला, बँक चालत सात मिनिटांवर. वर्ष गेलं. हा माणूस लोकांना निवृत्तीच्या नियोजनावर व्याख्यानं देतो! मी चिडले, तर त्याने मला जॉर्ज अॅकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. अॅकरलॉफ वर्षभर भारतात राहत होता, तेव्हा त्याचा मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटायला आला आणि कपड्यांचं एक खोकं मागे ठेवून गेला, अमेरिकेला पाठव म्हणून. अॅकरलॉफ आठ महिन्यांहून जास्त काळ रोज सकाळी ठरवायचा, उद्या नक्की. शेवटी खोकं दुसऱ्याच एका मित्राच्या सामानातून गेलं. पुढे १९९१ मध्ये त्याने चालढकलीवर निबंध लिहिला, त्यात हे आलं. आणि २००१ साली दोघांनाही नोबेल मिळालं, एकाच वर्षी.

"म्हणजे तुझ्या फ्रिजवर नोबेल ठेवलंय का?" असं म्हणून फॉर्म मीच घेऊन गेले.

परदेशी भाडेकरू :
अमेरिकेत शिकताना आम्ही चौघी एका घरात होतो, त्यांतल्या तिघी अर्थशास्त्राच्या. खोल्या कुणी कुठली घ्यायची ते बंद पाकिटातल्या बोलीने ठरलं आणि खरं सांगते, भांडण अजिबात झालं नाही. मोठ्या खिडकीची खोली मला महाग पडली, पण मीच बोली लावली होती, बोलणार कुणाला? भांडी घासण्याचाही असाच लिलाव केला आणि तो सपशेल फसला. बोली इतक्या वर गेल्या की कागदाच्या थाळ्या स्वस्त पडल्या.

त्यांच्यातल्याच एकीने रिचर्ड थेलर ह्या अर्थशास्त्रज्ञाच्या काजूंचा किस्सा सांगितला. त्याने जेवणाआधी पाहुण्यांसमोर ठेवलेला काजूंचा वाडगा उचलून आत नेला. पाहुणे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. आधी सगळ्यांनी आभार मानले, पोटात जागा राहिली म्हणून. मग चर्चा सुरू : पर्याय कमी झाला तर आपल्याला आनंद कसा काय झाला? आमच्याकडे आजी फराळाचा डबा वरच्या फळीवर ठेवायची, तेव्हा चर्चा झाल्याचं आठवत नाही.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार! पाळणाघरवाल्या काकू, जिन्यातलं चित्र डोळ्यांसमोरून जात नाहीये. नवऱ्याला सगळा धागा वाचायला दिला. कुकर चढवून तीन शिट्ट्या मोजायचं काम त्याच्याकडेच होतं. वाचून म्हणाला, "नमुनाच पक्षपाती आहे. ज्यांच्या घरातला अर्थतज्ज्ञ शहाण्यासारखा वागतो, ते लिहायला कशाला येतील?"

तोवर सहा झाल्या होत्या.